निरंक

जुलैत माझ्या ऑफिसात
पंख्यापेक्षा कागद जास्त फिरतात.
भुसावळ, जामनेर रोड, पहिला मजला.
खाली केळीच्या वेफर्सचं दुकान,
जिन्याला बारमाही तळणाचा वास.
रिटर्न भरायला येणारे
एका हातात फाइल, दुसऱ्यात पुडी घेऊनच वर चढतात.

अत्तरदे काही न खाता आले.
सावद्याचे. केळीच्या गाड्या दिल्लीला धाडणारे.
टेबलावर किल्ली ठेवली;
किल्ली कसली, नदीतला गुळगुळीत काळा खडा.
"पांढरी घेतली, मॅडम. बॅटरीवाली.
रोड टॅक्सचा एक रुपया नाही. बघा पावती."

पावतीवर, कराच्या रकान्यात : निरंक.
लॅमिनेट करून आणली होती.
तीस वर्षं सरकारला देत आलेल्या माणसाला
सरकारनं एकदा काही मागितलं नाही,
तर ते भिंतीवर लावावंसं वाटणारच.
मी हसले नाही.

"आता दुसरं. कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची सूट.
शोरूमच्या पोरानं सांगितलंय. तेवढी लावून टाका."

बँकेचं मंजुरीपत्र उघडलं.
अठरा एप्रिल.
त्या सवलतीचं दार
एकतीस मार्चला लागलं होतं.

"थांबलात कशाला?"
"पैसे तर फेब्रुवारीतच तयार होते.
आई म्हणाली, आखाजीले घे.
आखाजीला घेतलेलं क्षय पावत नाही."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
कलम त्यांनी दोनदा वाचलं,
भावाची चिठ्ठी वाचतात तसं, बोट ठेवून.
"म्हणजे अठरा दिवस."
"अठरा दिवस."
खाली कढईत कापांचा नवा घाणा पडला.

गाडी माझ्याच वायरवर चार्ज होत होती.
खिडकीतून सोडलेली पिवळी वायर,
मीटर माझं. विचारून लावली होती,
नाही कसं म्हणणार.

तेवढ्यात सिंधूबाई आली, फडकं घेऊन.
माहेर पारोळ्याकडचं, राहायला फेकरीला,
दीपनगरच्या चिमण्यांच्या पायथ्याशी.
खिडकीची कड पुसली,
फडकं राखाडी झालं, रोजच्यासारखं.
खाली वाकून पाहिलं तिनं :
पांढऱ्या बॉनेटवर कुणा पोरानं
बोटानं नाव काढलं होतं. राखेत.

"ह्या गाडीमाईन धूर नही निंघस म्हनतस,
मंग तो जास कथा?"

"धूर होतच नाही, बाई," अत्तरदे म्हणाले.
ती काही बोलली नाही.
फडकं बादलीत पिळलं
आणि पाणी बदलायला गेली.

तिच्याकडे पॅन नाही.
लुगडं वाळत घालून पुन्हा धुवावं लागतं,
त्या दुसऱ्या पाण्याची वजावट
कुठल्या कलमाखाली दाखवतात,
बावीस वर्षं हेच काम करून मला माहीत नाही.
आणि खोटं कशाला बोलू,
गेल्याच आठवड्यात जुन्या चलनाच्या पाठीवर
मीही हप्ता काढून पाहिला होता
तसल्याच गाडीचा. पांढऱ्याच.

रकान्यात शून्य टाकलं.
माझे वडील तलाठी होते, ते 'निरंक' लिहायचे,
खाली दोन रेघा ओढून,
म्हणजे मागाहून कुणी काही वाढवू नये.

लाइट गेली.
इन्व्हर्टरनं एकदा शीळ घातली.
अत्तरदेंनी घड्याळ पाहिलं, किल्ली उचलली,
"अठ्ठावन्न टक्के झाली असेल. सावदं गाठतो."
फी विचारली. मी निम्मी सांगितली,
का ते त्यांनी विचारलं नाही.

खिडकीतून पाहत राहिले.
गाडी निघाली, काही वाजलं नाही.
रस्त्याच्या मध्यावर झोपलेलं कुत्रं उठलंच नाही.
शेवटी ते स्वतः खाली उतरले,
हाड् हाड् करत,
भर दुपारी,
लॅमिनेट केलेली पावती हलवत.